मिठाच्या वखारीतला पडदा

परवा अलिबागच्या बाजारात वालाच्या हिरव्या शेंगा दिसल्या आणि शेजारी भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या. म्हणजे पोपटीचे दिवस आले. आता संध्याकाळी शेताशेतांतून शेंगांनी भरलेली मडकी उपडी पडतील, भोवती पेंढा पेटेल, आणि शेंगांचा, पाल्याचा आणि धुराचा तो उग्र वास गावभर फिरेल. आमच्या भागात थंडीचा वास तोच. मला मात्र त्याच्यामागून दुसरा एक वास येतो. चुलीवर कढणाऱ्या सरसाचा. तो आला की अंगावरून पुन्हा सगळ्या गावाची नजर फिरते आहे असं वाटतं, आणि मी उगीच पदर सारखा करते.

तेव्हा लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. सासर चौलचं. सुपारी-नारळाची वाडी, रहाटाची विहीर, मागच्या अंगाला मिठाची जुनी वखार. मामंजींनी मिठाचा धंदा कधीच सोडला होता, पण वखारीच्या भिंती चाटल्या तर अजून खारट लागत असाव्यात. हे अलिबागेस शाळेत मास्तर. शनिवारी येत, सोमवारी पहाटे जात. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. घर होतं ते आक्कांच्या हातात.

आक्का यांच्या थोरल्या बहीण. वयाच्या बाराव्या वर्षी विधवा झालेल्या. केशवपन झालेलं, अंगावर तांबडं आलवण, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर. त्यांचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे. दूध आलं की आधी वास घेत, नारळ कानाशी नेऊन हलवत, भिक्षुकाने तिथी सांगितली तरी पंचांग काढून बघत. बघताना एक डोळा किंचित बारीक करत. त्या डोळ्यासमोर मी सकाळी उठल्यापासून चुकतच असे. पुढे यांनीच मला एकदा सांगितलं, की नवरा गेल्यावर सासरच्यांनी त्यांना “चार दिवस माहेरी राहून ये” म्हणून गाडीत बसवलं होतं आणि मग कोणी न्यायला आलंच नाही. ते कळल्यावर त्यांच्या बारीक डोळ्याचा मला राग येईनासा झाला. भीती मात्र राहिली.

त्या थंडीत रेवदंड्याच्या बंदरात एक गलबत लागलं आणि त्यातून नाटक कंपनी उतरली. पेट्या, तंबूचे बांबू, पायपेटी, तबले, आणि भलीमोठी गुंडाळलेली कापडं. कंपनी नवं संगीत नाटक बसवत होती. त्याला नवे पडदे हवे होते आणि पडदे रंगवायला उंच छपराची मोकळी जागा हवी होती. मालक मामंजींकडे आले, गोड बोलले, आणि मामंजींनी वखार देऊन टाकली.

“नाटक्यांना घरात घेतलंत?” आक्कांनी विचारलं.

“घरात कुठे, वखारीत,” मामंजी म्हणाले.

“वखार काय गावाबाहेर आहे?”

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. सदोबा त्याचं नाव. मिरजेकडचा, पन्नाशीचा, किडकिडीत, बोटांच्या पेरांत निळा रंग मुरलेला. त्याने मांजरपाटाचे तागे जोडून भिंतीएवढं कापड शिवून घेतलं, बांबूला टांगलं, त्यावर खळ आणि सफेत्याचा पांढरा रंग चढवला आणि तीन दगड मांडून रंगात घालायचा सरस कढत ठेवला. त्या वासाने आक्कांनी पहिल्याच दिवशी नाकाला पदर लावला. “कसला प्राणी शिजवतो आहे कोण जाणे,” त्या म्हणाल्या. सरस हाडं-कातडी उकळून करतात हे त्यांना नक्की ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी तसं म्हटलं.

मला तर नाटक म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. माझं माहेर पेणच्या आत, भातशेतीचं गाव. तिथे कीर्तन होई, भजन होई. माझे वडील नाटकाचं नाव निघालं की विषय बदलत. त्यामुळे वाडीपलीकडच्या मोकळ्या जागेत तालमी सुरू झाल्या तेव्हा मी रहाटाशी उभी राहून कान द्यायची आणि गोंधळून जायची. दोन माणसं चांगली भांडत असत, आणि भांडण ऐन रंगात आलं की त्यातला एक थांबे, पायपेटी सूर धरी, आणि तो गायला लागे. दुसरा गुपचूप ऐकत उभा. मला ती लबाडी वाटे. भांडणारा माणूस असा गातो का?

एकदा चहा देताना मी सदोबांना हे विचारलं. ते कापडावरून नजर न काढता म्हणाले, “वहिनी, बोलून बोलून शब्द संपले की माणसानं करायचं काय? कोणी रडतंय, कोणी मारतंय. आमच्यातला गातोय.”

मला ते पटलं नाही. पण त्या दिवसापासून तालमीतलं गाणं सुरू झालं की मी माझ्याच नकळत थांबू लागले, की आता याचे शब्द कुठे संपले ते बघू.

चहा मी एकटी कधीच नेत नसे. आक्का बरोबर असत. मी कप ठेवी, रिकामा कप उचलून आणी, तोवर त्या वखारीच्या दारात उभ्या. सदोबा सावकाश चहा पीत, मध्येच उठून कुंचला मारत, पुन्हा बसत. आक्का हलत नसत. पुढे पुढे त्या चहाशिवायही जाऊ लागल्या. दुपारची झोप सोडून दारात जाऊन उभ्या राहत. “चितारी घरातलं काय काय बघून ठेवतो ते मी बघते आहे,” त्या मला म्हणत.

आणि खरंच तो माणूस सगळं बघत असे. सकाळी समुद्रावर जाऊन वाळूत आलेल्या जेलीमाशांपुढे उकिडवा बसे. केवड्याचं पान उलटंसुलटं करी. आमच्या रहाटाच्या गाडग्यांकडे तो इतका वेळ बघत राहिला, की मला वाटलं, ती गाडगी आता नेणार. पडद्यावर काय निघत होतं ते तो दाखवत नसे. कापडाची रंगवलेली बाजू भिंतीकडे, आणि तो कापड आणि भिंत यांच्या मधल्या अरुंद जागेत. समुद्राखालच्या नगरीचा देखावा आहे, एवढंच कळलं होतं. आक्कांना दारातून दिसे तो फक्त कापडाच्या कडेने मधून मधून बाहेर येणारा त्याचा चेहरा.

“खोटं नगर रंगवायला इतकं बघावं का लागतं?” मी एकदा विचारलं.

“खोटं आहे म्हणूनच,” सदोबा म्हणाले. “खरं असतं तर लोकांनी सांभाळून घेतलं असतं. राजवाडा वाकडा निघाला तर म्हणतील, असेल बाबा एखादा वाकडा. समुद्राखाली कोणी गेलेलं नाही. तिथं मी जरा चुकलो की सगळे म्हणणार, हे काही खरं नव्हे.”

हे ऐकून मला त्याचा जास्तच संशय आला. जो माणूस खोटं इतक्या निगुतीने करतो, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

वाडीत कामाला चांगू येत असे. आगरी, माझ्यापेक्षा थोडी मोठी, तोंडाची मोकळी. वखारीच्या मागच्या भिंतीला एक झरोका होता. सुपाऱ्या वेचता वेचता तिने त्यातून आत पाहिलं आणि धावत माझ्याकडे आली.

“वयनी, आतमंदी एक बाय हाय.”

“कोण बाई?”

“चितरातली वो. पान्यात बसलीय. नाकात नथ, तरनीताठी.” मग माझ्याकडे नीट बघत ती हळूच म्हणाली, “तुमीच हाव काय?”

मी म्हटलं, “वेडी आहेस का तू? मी कशाला असेन?”

“न्हाय, मी आपली इचारते. या घरात नथवाली दुसरी कोन हाय?”

मी तिला कोणाला सांगू नकोस म्हणाले. ते चुकलंच. तोवर तिच्या मनात तो एक प्रश्न होता. मी नको म्हटल्यावर त्याची बातमी झाली. दोन दिवसांत विहिरीवर, देवळात, वाण्याच्या दुकानात सगळीकडे पोहोचली. मी समोरून आले की बायका आधी माझ्या नथीकडे बघत, मग एकमेकींकडे. कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. आक्कांनी चहा स्वतः न्यायला सुरुवात केली, एवढंच.

आणि बुधवारी हे आले. कधी नव्हे ते मधल्या वारी.

“शाळेला सुट्टी आहे?” मी विचारलं.

“नाही,” हे म्हणाले, आणि पाय धुवायला गेले. जेवताना मामंजींशी सुपारीबद्दल बोलले. मी वाढत होते तर माझ्या हाताकडे बघत राहिले. रागाने नव्हे. वर्गात एखाद्या मुलाच्या गणिताचं उत्तर बरोबर आलं असेल पण ते त्याने शेजाऱ्याचं बघून लिहिलं असावं असं वाटत असेल, तेव्हा मास्तर जसा बघतो, तसे. मी वाट पाहिली की आता विचारतील. सकाळी उठून ते निघून गेले. मला वाटतं, त्या एका दिवसात मी लग्नानंतर पहिल्यांदा म्हातारी झाले.

नाटकाचा पहिला खेळ रविवारी दुपारी लागला, लांबच्या गावच्या बैलगाड्यांना उजेडी परत जाता यावं म्हणून. आम्ही जायचं की नाही यावर घरात बोलणं झालं. मी म्हटलं, मी घरीच राहते.

“तू तर यायलाच हवंस,” मामंजी म्हणाले. “घरी राहिलीस तर लोक म्हणतील ते खरं ठरेल.”

म्हणजे त्यांच्याही कानावर होतं.

“मीसुद्धा येते,” आक्का म्हणाल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. “देवादिकांचं आहे ना? मग काय हरकत आहे.”

तंबूत पुरुष पुढे, बायका मागे कनातीशी. दुपारच्या उन्हाने तंबूचं कापड पिवळं झालेलं. घंटा झाली, नांदी झाली, आणि पायपेटीचा पहिला सूर छातीत येऊन बसला. लोकांचं बोलणं क्षणभरही विसरायचं नाही असं ठरवून गेले होते, पण विसरले. एक सौदागराचा मुलगा जहाजातून समुद्रात पडतो आणि पाण्याखालच्या राणीच्या नगरीत पोहोचतो. राणीला वाटतं, हा हेर आहे. ती त्याला नाना प्रकारे पारखते. राणीचं काम करणारा पुरुष होता हे मला माहीत होतं. मी त्याला आमच्या विहिरीवर विडी ओढताना पाहिलं होतं. तरी त्याने मान वळवून पहिली तान घेतली तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं. लोक “वन्स मोअर” म्हणून ओरडले आणि तो समोर मरून पडलेल्या राणीच्या सखीला तिथेच सोडून पुन्हा तेच पद गायला. सखीनेही जरा डोळे उघडून ते ऐकलं.

मग दुसऱ्या अंकात तो पडदा खाली आला.

पोवळ्याचे खांब, आणि ते आमच्या सुपारीच्या झाडांसारखे, तसेच पेरापेरांचे. छताला झुंबरं म्हणून जेलीमासे. दाराशी रहाट, पण त्याच्या गाडग्यांतून पाण्याऐवजी मोती ओतणारा. शिंपल्यांची कौलं. केवड्याच्या पानांचं तोरण. सगळं आमचं, आणि कधीच न पाहिलेलं. मधोमध सिंहासनावर राणीची मोठी तसबीर. नाकात नथ, गळ्यात मोती, आणि केस. काळेभोर, कुरळे, लाटेसारखे खांद्यावरून उतरून सिंहासनाखाली, पायऱ्यांवर, खालच्या वाळूत पसरत गेलेले. कापडाचा अर्धा भाग त्या केसांनीच व्यापला होता.

चेहरा माझा नव्हता. वीस-बावीस वर्षांची ती राणी एक डोळा किंचित बारीक करून सगळ्या प्रेक्षकांकडे बघत होती, जणू आम्ही सगळे चोर आहोत.

मागून चांगू म्हणाली, “अगो बाय. ह्या त आक्का.”

ते मोठ्याने म्हणायची गरज नव्हती. पुरुषांतून माना वळू लागल्या होत्या. मी आक्कांकडे बघितलं नाही. बघायचं धैर्यच झालं नाही. माझ्या शेजारी त्यांचा श्वास ऐकू येत होता. पदर त्यांनी कपाळावर आणखी पुढे ओढला आणि नाटक संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या. मध्ये उठून गेल्या नाहीत.

गाडीतून परत येताना हे माझ्याजवळ सरकून बसले. कितीतरी दिवसांनी मोकळे दिसत होते. “मला उगीच वाटलं होतं…” असं म्हणून थांबले.

“काय वाटलं होतं?”

“काही नाही.”

आपली सख्खी बहीण गावापुढे मांडली गेली होती आणि यांना हलकं वाटत होतं, कारण ती मी नव्हते. आज आमचा संसार चांगला चालला आहे. हे चांगले आहेत. पण कधी मधल्या वारी लवकर घरी आले, तर मी अजूनही त्यांच्या चेहऱ्याकडे आधी बघते आणि पाणी नंतर देते.

सोमवारी सकाळी गावातले दोन वडीलधारे मामंजींकडे आले. सोवळ्या बाईला नथ घालून, केस सोडून चव्हाट्यावर टांगलं, असं म्हणाले. पडदा जाळा, नाहीतर तुमच्याकडे पानाला बसणार नाही. मागोमाग कंपनीचे मालक हात जोडून आले. चूक झाली, पेंटरला आजच काढून टाकतो, पडदा वखारीत परत आणला आहे, तुम्ही सांगाल तसं. मामंजी जमिनीकडे बघत होते. तेव्हा आक्का माजघरातून बाहेर आल्या आणि कोणाकडेही न बघता सरळ मागच्या दाराने वखारीकडे निघाल्या. मी मागोमाग गेले.

सदोबा पडद्यापुढे बसले होते. आक्कांना बघून उभे राहिले.

“माझं तोंड तुम्हाला कोणी दिलं?” आक्कांनी विचारलं.

“कोणी नाही, बाई.”

“मग कसं काढलंत? मी तुमच्यापुढे बसले होते?”

“तुम्ही उभ्या होतात,” सदोबा म्हणाले. “रोज. या दारात. इतका वेळ माझ्यासमोर दुसरं कोणीच थांबलं नाही. मला राणी अशी हवी होती, की तिला कोणी फसवू शकणार नाही. ती दारातच उभी होती. मग मी दुसरीकडे बघायला कशाला जाऊ?”

आक्कांनी सावकाश पडद्याजवळ जाऊन चित्र बघितलं. सिंहासन, मोती, नथ. मग खाली वाकून पायऱ्यांवर पसरलेले केस बघितले, अगदी टोकापर्यंत, जिथे ते वाळूत मिसळत होते. त्यांनी हात लावला नाही, पण हात पुढे झाला होता आणि तो त्यांनी मागे घेतला.

“तोंड बदला,” त्या म्हणाल्या.

“बदलतो. आत्ता, तुमच्यासमोर.” सदोबांनी सफेता कालवला. मग विचारलं, “केस?”

वाडीत पोफळींची पानं वाजत होती.

“केसांवर कोणाचं नाव नसतं,” त्या म्हणाल्या. “राहू देत.”

तोंड पुसून दुसरं काढून होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. नव्या तोंडाची राणी सुंदर होती, पण तिला कोणीही फसवलं असतं. कंपनी आणखी काही खेळ करून मुरुडकडे गेली. आता तर बोलपट आले आहेत. ती कंपनी आहे की बुडाली, मला माहीत नाही.

पंधरवड्याने ठरल्याप्रमाणे न्हावी मागच्या दारी आला. मी पाट मांडला, गरम पाणी ठेवलं. आक्का आल्या, पाटाकडे बघत उभ्या राहिल्या.

“आज नको,” त्या म्हणाल्या.

न्हाव्याला वाटलं, बरं नसेल. पुढच्या खेपेला त्याने विचारलं, तेव्हा त्या आतूनच “नको” म्हणाल्या. मग तो यायचा बंद झाला. मामंजींच्या लक्षात यायला महिना लागला. त्यांनी रागावून विचारलं नाही, पण त्यांचा आवाज बदलला होता.

“आक्का, हे काय चालवलं आहेस? तुझ्या हातचं उद्या कोण खाईल? देवाचं, पितरांचं कोण करील?”

“सून आहे की,” आक्का म्हणाल्या.

“पण का?”

“मला बघायचं आहे.”

“काय बघायचं आहे?”

आक्का सूप उचलून वाडीत निघून गेल्या. मामंजींनी त्या दिवसापासून त्यांच्या हातचं खाल्लं नाही. स्वयंपाक माझ्याकडे आला. भिक्षुक ओटीवरूनच परत जाऊ लागले. देवळात बायका आक्कांना जागा देत, पण जरा जास्तच जागा देत. आक्का वाडीत रमल्या. चांगूबरोबर सुपाऱ्या मोजायच्या, शिंपण्याच्या पाटांची माती काढायची, आणि तिच्याशी दिवसभर भांडायचं. पेंटर कुठे गेला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं.

श्रावण लागला तेव्हा केस मानेपर्यंत आले होते. बरेचसे करडे, मध्ये काळे. एका दुपारी मी माजघरात वाती वळत होते, तर आक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “तुझा आरसा दे.”

मी दिला. त्यांनी पदर मागे टाकला आणि आरसा हातभर लांब धरून बघितलं. मग जवळ आणला. एक बट बोटात धरून ओढली, सोडली, पुन्हा ओढली. डोळा बारीक झाला.

“त्यानं कुरळे काढले होते,” त्या म्हणाल्या. “हे तर सरळ आहेत.”

आवाज तोच, पाणी घातलेलं दूध पकडल्यावर यायचा तो. पण आरसा त्यांनी परत दिला नाही. बाराव्या वर्षापासून आपले केस कसे आहेत हेच ज्या बाईला ठाऊक नव्हतं, ती दिवेलागणीपर्यंत तिथे बसून ते सरळच आहेत ना, याची खात्री करून घेत होती.